इंग्लंडचे साधे अन्न

परदेशी निघालेल्या मराठी माणसाची पेटी उघडून पाहिली, तर कपड्यांच्या घड्यांखाली एक लहानसे स्वयंपाकघर दडलेले आढळते. मेतकुटाची पुडी, लसणीची चटणी, थालिपिठाची भाजणी, लिंबाच्या लोणच्याची घट्ट बांधलेली बरणी. जायचे असेल इंग्लंडला, तर या सामानात आणखी भर पडते. कारण निरोप द्यायला आलेला प्रत्येक जण एकच गोष्ट बजावून सांगतो, 'तिथे खायला काही मिळत नाही बरं का! उकडलेला बटाटा आणि उकडलेला कोबी.' हे मत केवळ आपलेच नव्हे. फ्रेंच माणूस इंग्रजी स्वयंपाकाची थट्टा पिढ्यानपिढ्या करीत आला आहे, आणि स्वतः इंग्रजही त्या थट्टेत मोठ्या खुशीने सामील होतो. जॉर्ज ऑर्वेल या लेखकाला १९४५ साली आपल्याच देशबांधवांसमोर इंग्रजी स्वयंपाकाचा कैवार घेणारा एक लेख लिहावा लागला, यावरून त्या अन्नाची अपकीर्ती किती पक्की झाली होती हे ध्यानात यावे.

श्रोतेहो, त्याच अन्नाविषयी मी आज आपल्याशी चार शब्द बोलणार आहे, आणि ते कौतुकाचे आहेत. सरकारी प्रशिक्षणाच्या निमित्ताने एक हिवाळा मी उत्तर इंग्लंडात काढला. पुढे रजा जोडून आगगाडीने आणि बसने त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत हिंडलो. बेताचे पैसे खिशात असलेला प्रवासी मोठ्या हॉटेलांच्या वाटेस जात नाही. त्याचे जेवण बहुधा पबमध्ये होते, नाही तर तळलेल्या माशांच्या दुकानासमोर उभ्याउभ्या होते. अशा अनेक जेवणांतून मला जाणवले ते असे, की या अन्नाला जग भलतेच माप लावते. ते चोखंदळ जिभेसाठी रांधलेले अन्न नव्हे. ते थंडीने गारठलेल्या आणि कामाने दमलेल्या माणसासाठी रांधलेले अन्न आहे. त्याला तेच माप लावावे, आणि मग ते कसे उतरते ते पाहावे.

प्रथम पब म्हणजे काय, हे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की मद्यपानाचा अड्डा डोळ्यांसमोर येतो. मूळ शब्द आहे 'पब्लिक हाउस', म्हणजे सार्वजनिक घर. आणि यांतील 'घर' हा शब्द निरर्थक नाही. आत शिरताच बहुधा शेकोटी दिसते, जुन्या लाकडी बाकांवर बसायची जागा दिसते, एखादे कुत्रे मालकाच्या पायाशी झोपलेले असते. दारावर रंगवलेली पाटी झुलत असते: तांबडा सिंह, पांढरा हरिण, राजमुकुट, नांगर. लंडनमधील मद्यविक्रेत्यांनी आपल्या दारावर चिन्ह लावलेच पाहिजे, असा दंडक दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ साली घातला होता. अक्षरशत्रू प्रजेला सिंह ओळखता येतो, नाव वाचता येत नाही, ही सोय त्या चित्रांनी शतकानुशतके पाहिली. शासकीय आदेशातून निर्माण झालेली एवढी सुंदर वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

या घरात पूर्वी जेवण असे बेताचेच. व्हिनेगरमध्ये मुरवलेले अंडे, पाव आणि चीज, फार तर एखादी पाय, एवढ्यावर गिऱ्हाईक समाधान मानी. ताटभर गरम जेवण सर्रास मिळू लागले ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत. १९६७ साली मोटारचालकांच्या श्वासाची तपासणी कायद्याने सुरू झाली आणि मोटारीतून येणारा माणूस एका पेल्यावर थांबू लागला. १९८८ साली इंग्लंड व वेल्समध्ये पब दुपारभर उघडे ठेवण्याची मुभा मिळाली; तोवर पहिल्या महायुद्धाच्या काळात लादलेली दुपारची बंदी चालूच होती. २००७ साली इंग्लंडमधील पबमध्ये धूम्रपान बंद झाले. केवळ पेयावर धंदा चालेना, तेव्हा चुलीला महत्त्व आले. आज अनेक पब प्रत्यक्षात खाणावळीच आहेत, आणि तेथे आल्याचे झणझणीत पेय किंवा नुसता चहा मागणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही.

तेथील शिरस्ता मात्र नवख्याने जाणून घ्यावा. पबमध्ये बहुधा कोणी टेबलाशी येऊन 'काय आणू?' असे विचारीत नाही. आपण जागा धरावी, टेबलावर खिळवलेला क्रमांक पाहावा, बारपाशी जावे, तो क्रमांक आणि पदार्थ सांगावा, आणि बहुधा पैसे आधीच द्यावे. बारपाशी रांग दिसत नाही. परंतु ती असते. कोण आधी आला आणि कोण नंतर, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि त्याचा भंग कोणी करीत नाही. कित्येक ठिकाणी दुपारच्या जेवणाची चूल अडीचच्या सुमारास थंडावते आणि रात्रीची नऊच्या सुमारास. नऊ वाजून पाच मिनिटांनी पोहोचलेल्या भुकेल्या माणसाला बटाट्याच्या कापांच्या पुडीवर रात्र काढावी लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

नोव्हेंबर महिन्यात यॉर्कशायरच्या डोंगराळ खोऱ्यांत दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही. तो हवेतच भरून राहतो आणि अंगरख्याच्या शिवणीतून आत शिरतो. दगडी कुंपणांच्या कडेने तीन-चार तास चालून आल्यावर एका खेड्यातील पबमध्ये मी शिरलो, तेव्हा बोटांना बटणे सुटत नव्हती. बारमागच्या बाईंनी मला 'लव्ह' म्हणून संबोधले. यॉर्कशायरमध्ये परक्या माणसालाही असे म्हणतात. आपल्या 'बाळा' या शब्दात जेवढी जवळीक असते, तेवढीच त्यात असते. फळ्यावर खडूने लिहिलेल्या पदार्थांतून मी 'शेफर्ड्स पाय' मागवली. खोलगट मातीच्या भांड्यात खिमा, कांदा आणि गाजर यांचा दाट रस्सा, त्यावर घोटलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि वरून काट्याने ओढलेल्या रेषा भट्टीत खरपूस झालेल्या. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी आणि एखाद्या सुगंधी पाल्याचा वास. पहिल्या घासाने जीभ चकित झाली नाही. परंतु चौथ्या-पाचव्या घासाला पाठीचा कणा सैल झाला, कानांच्या पाळ्यांत ऊब आली, आणि बाहेरच्या काळोखाविषयीचे वैर संपले. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाला पिठले-भाकरी जे देते, तेच हे अन्न देते. त्याची परीक्षा जिभेवर होत नाही, अंगात होते.

येथे एक व्यवहाराची सूचना करून ठेवतो. 'शेफर्ड' म्हणजे मेंढपाळ. म्हणून शेफर्ड्स पायमध्ये मेंढीचा खिमा असायला हवा. त्याच रूपाची 'कॉटेज पाय' असते, तिच्यात गोमांस असते. ज्यांना हा भेद पाळायचा आहे त्यांनी नावावर न विसंबता विचारावे. विचारल्याचा राग कोणी मानीत नाही. उलट स्वयंपाकघरात जाऊन खात्री करून येतात.

आता त्यांच्या रविवारच्या भोजनाकडे वळू. दुपारी बाराच्या पुढे खेड्यापाड्यांतील पब कुटुंबांनी भरून जातात. भाजलेले मांस, भट्टीत कुरकुरीत केलेले बटाटे, गाजर, कोबी, मांसाच्या रसाची ग्रेव्ही, आणि ताटाच्या कडेला वाटीसारखे फुगलेले, सोनेरी यॉर्कशायर पुडिंग. मेंढीच्या मांसाबरोबर पुदिना बारीक चिरून व्हिनेगर-साखरेत कालवलेली चटणी देतात, आणि तिच्या पहिल्या वासाबरोबर भारतीय माणसाला आपले घर आठवते. पुडिंग या नावाने मात्र फसू नये. ते गोड नसते. मैदा, अंडी आणि दूध यांचे सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ते फुगवतात. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकात त्याची कृती आहे; आणि योगायोग असा, की त्याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीने 'करी' कशी करावी हेही सांगितले आहे. जुन्या घरांतून हे पुडिंग ग्रेव्हीबरोबर आधी वाढीत, मांस नंतर. त्यामागे काही समारंभ नव्हता. मांस महाग, खाणारी तोंडे अनेक. पिठाने पोटे अर्धी भरली म्हणजे मांस पुरवठ्यास येई. ज्याला आज थाटाचे जेवण म्हणतात त्याच्या पोटात अशी काटकसर लपलेली आहे.

इंग्रजी खाद्यपदार्थांची नावे उलगडत गेलो, की बहुतेकांच्या मागे अशीच कोणा गृहिणीची किंवा कामकऱ्याची निकड दिसते. रविवारचा उरलेला बटाटा आणि कोबी सोमवारी तव्यावर एकत्र परततात, त्याला 'बबल अँड स्क्वीक' म्हणतात. तव्यावर त्या मिश्रणाचा जो बुडबुड आणि चूंचूं आवाज होतो, तोच त्याचे नाव होऊन बसला. आपली फोडणीची पोळी याच कुळातली. पुडिंगच्या पिठात सॉसेज घालून भाजले, की त्याला 'बिळातला बेडूक' असे नाव पडते. आपल्या गरिबीला हसत हसत नाव ठेवणारा हा समाज आहे.

कॉर्नवॉलची पेस्टी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कथील आणि तांब्याच्या खाणी होत्या. खाणीत उतरलेला माणूस जेवायला वर येऊ शकत नसे, आणि ताटवाटी खाली नेता येत नसे. तेव्हा करंजीच्या आकाराच्या जाड पारीत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक कंद कच्चाच भरून, कडेला दोरीसारखी मुरड घालून ती पेस्टी भट्टीत भाजत. हातात धरून खाता येई, आणि कपड्यात गुंडाळली तर बराच वेळ ऊब धरून राही. पुढे एकोणिसाव्या शतकात खाणी मंदावल्या आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार जगभर पांगले. काही आपल्या म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत आले. काही मेक्सिकोत गेले. मेक्सिकोतील रेआल देल मोंते या डोंगरी गावात आजही 'पास्ते' या नावाने ही पेस्टी विकली जाते, आणि तिच्यात तेथील मिरची शिरली आहे. २०११ साली युरोपीय संघाने 'कॉर्निश पेस्टी' या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही ते नाव तेथील स्वतःच्या कायद्याने संरक्षित आहे. आता पबच्या टेबलावर भाज्यांची किंवा चीज-कांद्याची पेस्टीही मिळते. समुद्राकडे तोंड करून, वाऱ्यात उभे राहून ती खाल्ली की करंजीची गोडी आणि समोशाचा दिलासा यांच्या मधोमध आपण कुठे तरी पोहोचतो. सीगल पक्ष्यांपासून मात्र सावध राहावे. ते हातातला घास नेतात.

तळलेला मासा आणि बटाट्याचे काप, म्हणजे 'फिश अँड चिप्स', हा तर त्या राष्ट्राचा मानबिंदू. आणि गंमत अशी, की याहून कमी 'शुद्ध' इंग्रजी पदार्थ सापडणे कठीण. पिठात बुडवून मासा तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंनी इंग्लंडात आणली, असे मानले जाते. बटाटा तर अमेरिका खंडातला. या दोघांचे लग्न १८६० च्या आसपास लागले. पूर्व लंडनमधील जोसेफ मालिन हा ज्यू दुकानदार आणि लँकेशायरमधील मॉस्ली येथील जॉन लीज, या दोघांच्या बाजूने पहिलेपणाचा दावा केला जातो, आणि उत्तर-दक्षिणेचा हा वाद आजही मिटलेला नाही. बाष्पशक्तीवर चालणाऱ्या मासेमारी नौकांनी मासा मुबलक आणला, रेल्वेने तो ताजेपणीच गिरणगावांत पोहोचवला, आणि दिवसभर यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या गिरणीकामगार स्त्रीला रात्री चूल पेटवण्यापासून सुटका मिळाली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने बहुतेक अन्नाला शिधापत्रिका लावली. या पदार्थाला लावली नाही. दुकानासमोर रांगा लागत, पण नाव लिहून घेतले जात नसे. यॉर्कशायरमध्ये हॅडॉक जातीचा मासा पसंत करतात, दक्षिणेकडे कॉड. सोबत माल्टचे व्हिनेगर, मीठ, आणि भिजवून शिजवून घोटलेले सुके हिरवे वाटाणे; आपल्या वाटाण्याच्या उसळीतून फोडणी आणि मसाला वजा करावा म्हणजे त्याची कल्पना येईल. यॉर्कशायरमध्ये हे सारे परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळतात. तेव्हा येथेही विचारण्याची लाज बाळगू नये; वनस्पती-तेल वापरणारी दुकानेही पुष्कळ आहेत.

परंपरेच्या नावाखाली थोडी जाहिरातबाजीही खपून जाते, हेही नमूद केले पाहिजे. पबच्या यादीत 'प्लाउमन्स लंच', म्हणजे नांगरटीवरच्या गड्याची न्याहरी, हमखास असते: पावाचा जाड तुकडा, चेडार चीज, व्हिनेगरमधला कांदा आणि एक काळसर गोड-आंबट लोणचे. नाव ऐकून वाटते, हे मध्ययुगापासून चालत आले असावे. पाव-चीज-कांदा ही शेतकऱ्याची शिदोरी खरीच जुनी. परंतु हे नाव घराघरांत पोहोचवले ते १९५० आणि १९६० च्या दशकांत, चीजचा खप वाढावा म्हणून दुग्धव्यवसायाच्या संस्थांनी चालवलेल्या प्रचाराने. सोबतचे लोणचे ज्या घराण्यातले, ते घराणे आपले आहे. 'चटणी' हा आपला शब्द इंग्रजीने केव्हाच पचवला, आणि आज सफरचंदाची चटणी केल्याशिवाय खेड्यातील गृहिणीचे शरद ऋतूतील काम संपत नाही. त्यांच्या न्याहरीतील 'केजरी'ही अशीच आपल्या खिचडीची मुलगी. डाळ मागे राहिली, धुरावलेला मासा आणि अंडे पुढे आले.

गोड पदार्थांचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. शिळ्या पावाच्या फोडी, लोणी, मनुका आणि दूध-अंडे यांचे पुडिंग. सफरचंदावर पिठाचा रवाळ थर देऊन भाजलेला 'क्रंबल'. आणि या सर्वांवर धारेने ओतलेले पिवळे, गरम कस्टर्ड. आपल्या घरी फळांबरोबर जी कस्टर्डची पूड वापरतो, ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ साली तयार केली. कारण त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. पत्नीच्या पथ्यातून निघालेल्या पुडीने दोन खंडांतील मुलांना खूष केले.

मग एवढ्या आपुलकीच्या अन्नाला अपकीर्ती का आली? त्याची कारणे स्वयंपाकघरात कमी आणि इतिहासात अधिक आहेत. जगात सर्वांआधी इंग्लंड कारखान्यांचा देश झाला. १८५१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक प्रजा शहरांत राहत असल्याचे दिसून आले. परसातली भाजी, स्वतःची गाय, आजीची चूल यांपासून माणूस तुटला. त्यावर दोन महायुद्धे आली. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, डुकराचे खारवलेले मांस यांवर नियंत्रण आले, आणि शेवटचे मांसावरील नियंत्रण उठले ते ४ जुलै १९५४ रोजी. साडेचौदा वर्षे! आश्चर्य असे की पावावर शिधापत्रिका युद्धात नव्हे, तर युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात होती. अंड्याची भुकटी, करडा पाव, अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाची कंदमुळांची पाय, यांवर एक अखखी पिढी वाढली. त्या काळात जो परका पाहुणा आला त्याला जे मिळाले, तेच इंग्रजी अन्न म्हणून जगात गाजले. अन्न पुरवठा खात्याच्या फायली मी हाताळल्या आहेत. त्यामुळे चवीची ही हानी मला हार म्हणून दिसत नाही. श्रीमंताला आणि गरिबाला शिधा एकाच मापाने मिळावा, या निश्चयाची ती किंमत होती.

शाकाहारी श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न केव्हाचा उभा असेल: आम्ही काय खावे? हा प्रश्न आपल्यातील फार मोठ्या माणसाला फार पूर्वी पडला होता. १८८८ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेलेले तरुण मोहनदास गांधी आईला दिलेल्या वचनामुळे कित्येक आठवडे अर्धपोटी राहिले. रस्ते तुडवता तुडवता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. इंग्लंडात पोहोचल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो ते तेथे, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक विकत घेतले, आणि तोवर केवळ वचनाखातर पाळलेला शाकाहार त्यांनी बुद्धीने स्वीकारला. म्हणजे गांधीजींच्या एका दृढ श्रद्धेला खतपाणी मिळाले ते एका साध्या इंग्रजी खाणावळीत. ब्रिटनची शाकाहारी संस्था तर १८४७ सालापासून आहे. आज पबच्या यादीत शाकाहारी पदार्थांपुढे हिरवे चिन्ह किंवा 'व्ही' हे अक्षर असते. चीज घालून भाजलेला फ्लॉवर, सालासकट भाजलेला बटाटा, अळंबीची पाय, वेल्समधील चीज आणि कांद्याच्या पातीच्या जातीची भाजी यांचे ग्लॅमॉर्गन सॉसेज. उपाशी राहण्याचे कारण उरलेले नाही.

परंतु श्रोतेहो, पोट भरण्यापूर्वी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बसायला जागा. सार्वजनिक घर खरोखर सर्व जनांचे होते काय? नव्हते, असेच उत्तर द्यावे लागते. जुन्या पबमध्ये कामकऱ्यांची खोली वेगळी आणि प्रतिष्ठितांची वेगळी असे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रीला बारपाशी उभे राहून पेय मागता येत नसे. १९८२ साली अपील न्यायालयाने ती प्रथा बेकायदा ठरवली. आणि आपल्या लोकांची कथा तर अधिक कडू आहे. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला स्मेदिक नावाचे ओतीव कामाच्या कारखान्यांचे गाव आहे. १९५० च्या दशकापासून तेथे पंजाबातून आलेले मजूर भट्ट्यांपुढे राबत. पाळी संपवून ते पबमध्ये जात, तेव्हा काही ठिकाणी त्यांना चांगल्या खोलीत प्रवेश नसे, काही ठिकाणी मुळीच नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध लढा दिला. तिचे एक कार्यकर्ते अवतार सिंग जोहल यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील नेते माल्कम एक्स १२ फेब्रुवारी १९६५ रोजी स्मेदिकला आले, आणि तेथील एका पबच्या राखीव खोलीत त्यांनाही सेवा नाकारण्यात आली. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने सार्वजनिक ठिकाणी वर्ण पाहून प्रवेश नाकारणे बेकायदा ठरवणारा कायदा केला.

ज्या देशात विहिरीवर, देवळात आणि खाणावळीत माणसाची जात विचारली गेली, त्या देशाच्या नागरिकाने ही कथा ऐकताना मान ताठ करण्याचे कारण नाही. एका रविवारी मी मुद्दाम त्या भागात गेलो. आता तेथील अनेक पब पंजाबी कुटुंबे चालवतात आणि त्यांना 'देसी पब' असे नावच पडले आहे. बाहेर तीच चित्राची पाटी, आत तीच लाकडी बाके. स्वयंपाकघरातून मात्र तंदूरचा वास. तडतडत्या तव्यावर कोंबडीचे तुकडे, कबाब आणि अमृतसरी धाटणीचा तळलेला मासा येतो, आणि शेजारच्या टेबलावर कोणी इंग्रज आजोबा नान मोडून खात क्रिकेट पाहत असतात. माझ्या समोर बसलेले एक वृद्ध सरदारजी ताटातील बटाट्याच्या कापांवर व्हिनेगर शिंपडीत होते. त्यांना मी विचारले, 'पूर्वी आपण येथे येत होतात?' ते म्हणाले, 'या खोलीत नाही.' आणि त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. त्या दोन-तीन शब्दांत एका पिढीचा इतिहास होता. तेव्हापासून पबमधल्या ऊबदार ताटाकडे मी केवळ पदार्थ म्हणून पाहू शकत नाही. ते समोर येण्यासाठी कोणाला तरी दारात उभे राहून भांडावे लागलेले असते.

अलीकडे हे दरवाजेच कमी होत चालले आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते. आज सुमारे ४५,००० उरले आहेत. जागेचे भाडे, कर, इंधनाच्या वाढत्या किमती, घरबसल्या स्वस्तात मिळणारे पेय, २०२० च्या साथीतील टाळेबंदी, अशी त्याची अनेक कारणे आहेत. पब बंद झालेल्या खेड्यात बहुधा टपाल कार्यालय आणि दुकानही आधीच बंद झालेले असते. मग दोन माणसांनी सहज भेटावे अशी जागा राहत नाही. त्यावर काही गावांनी उपाय शोधला आहे. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या लहानशा खेड्याने २००३ साली सहकारी संस्था स्थापून आपला 'ओल्ड क्राउन' हा पब विकत घेतला, आणि पुढे अनेक गावांनी तो कित्ता गिरवला. २०११ च्या कायद्याने तर गावाला असा हक्कच दिला, की अशी वास्तू विकली जाण्यापूर्वी ती घेण्याची तयारी करण्यास गावकऱ्यांना मुदत मिळावी. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे वाचून, म्हणजे ऐकून, बरे वाटेल.

आपल्यापैकी कोणी पुढेमागे तिकडे गेलात, तर चार दिवस तरी हे अन्न त्याच्या स्वतःच्या वेळी आणि स्वतःच्या हवेत खाऊन पाहा. सकाळी भरपूर चाला. पाऊस लागला तर लागू द्या. दुपारी रंगीत पाटी झुलताना दिसली की आत शिरा, आपली पाळी येईपर्यंत बारपाशी थांबा, आणि 'आज पाय कसली आहे?' एवढेच विचारा. मग शेकोटीजवळची जागा मोकळी असली तर तेथे बसा, आणि नसली तर ज्याच्या टेबलावर एखादी खुर्ची रिकामी दिसेल त्याला विचारून तेथे बसा. तो बहुधा प्रथम हवेविषयी बोलेल.